पहिल्यांदा पाहिलेलं लंडन : काय बघावं, काय सोडावं?

वाटसरू

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच लंडनला जाऊन आले. नवऱ्याचं ऑफिसचं काम होतं. त्यामुळे दिवसभर मी एकटी शहर पालथं घालायचे आणि संध्याकाळी तो येऊन मिळायचा. जूनमध्ये तिथे रात्री सव्वानऊपर्यंत लख्ख उजेड असतो. ऑफिस सुटल्यावरही चार तास भटकायला मिळतात, हे पहिलं सुख.

जाण्याआधी सगळ्यांनी याद्या दिल्या होत्या. बकिंगहॅम पॅलेस, लंडन आय, मादाम तुसाँ, टॉवर ब्रिज. त्यातलं बरंच बाहेरून पाहिलं आणि पुढे निघाले. मला लंडन आवडलं ते वेगळ्याच कारणांनी.

एक म्हणजे झाडं. इतक्या मोठ्या राजधानीत इतकी जुनी, डेरेदार झाडं असतील असं वाटलंच नव्हतं. सेंट जेम्स पार्कच्या तळ्यावर पेलिकन आहेत. १६६४ मध्ये रशियाच्या वकिलाने राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते त्या बागेत पाळले जातात. पंतप्रधानांचं घर तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि या बाजूला माणसं गवतावर डबा उघडून बसलेली.

दुसरं म्हणजे ट्यूब. १८६३ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे, आणि तीही कोळशाच्या इंजिनावर! खोलवरच्या लाइनींचे डबे इतके बुटके आणि गोलाकार आहेत की दाराशी उभं राहिलं तर मान वाकवावी लागते. सरकत्या जिन्यावर सगळे निमूट उजवीकडे उभे, डावी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी. कोणी ओरडत नाही, कोणी हात धरून बाजूला करत नाही.

आणि तिसरं, सगळ्यात मोठं, म्हणजे फुकट संग्रहालयं. ब्रिटिश म्युझियममध्ये शिरल्यावर मधोमध काचेच्या छताखाली एक मोठा अंगण आहे. छताच्या ३३१२ काचांपैकी कोणत्याही दोन एकसारख्या नाहीत. अंगणाच्या मध्यावर पांढऱ्या दगडाची गोल इमारत. ती जुनी रीडिंग रूम, १८५७ सालची. डॉ. आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना सकाळी वाचनालय उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत तिथे वाचत बसायचे. आजूबाजूला शाळेची पोरं सँडविच खात होती, पर्यटक नकाशे उलगडत होते. मी त्या गोल भिंतीला एक पूर्ण फेरी मारली. राजवाड्यासमोर उभी असताना असं काही वाटलं नव्हतं.

त्यामुळे माझं मत असं: लंडनमध्ये तिकिटाचं एकच ठिकाण निवडावं. माणशी तीस-पस्तीस पौंड लागतात हो! बाकी शहर पायी, बसने आणि फुकटात बघावं.

आता खरा प्रश्न. सप्टेंबरमध्ये माझे सासू-सासरे जाणार आहेत. दोघं सत्तरीचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार जिने नकोत. त्यांच्यासाठी तिकीट काढायचं ते एकच ठिकाण कुठलं? आणि तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा तुमच्या मनात काय राहिलं?

आंबेमोहर

छान लिहिलंय. फोटो टाका की! पेलिकनचे तरी टाका.

टेम्सकाठची

वाटसरू, मी इथेच राहते आणि पाहुण्यांना शहर दाखवणं हे आमच्या घरचं नेहमीचंच काम. एकच तिकीट हे तुमचं म्हणणं पटलं, पण ‘बाकी सोडा’ म्हणताना टॉवर ऑफ लंडन सोडू नका. विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला तो पांढरा बुरूज, पुढे तुरुंग, टांकसाळ, शस्त्रागार, आणि आता राजमुकुट ठेवायची जागा. तिकिटातच तिथल्या यॉमन वॉर्डरची, म्हणजे गणवेशातल्या पारंपरिक पहारेकऱ्याची, फेरी मिळते. लष्करात किमान २२ वर्षं नोकरी झाल्याशिवाय हे काम मिळत नाही. त्यांची गोष्ट सांगायची पद्धत अशी, की इतिहासाचा कंटाळा असलेली आमची पुतणीही शेवटपर्यंत पुढच्या रांगेत होती.

ज्येष्ठांसाठी काही कामाच्या गोष्टी:

ट्यूबच्या नादी फार लागू नका. साधारण एक तृतीयांश स्थानकांतच रस्त्यापासून फलाटापर्यंत विनाजिना जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरची खूण बघून ठरवा. एलिझाबेथ लाइन २०२२ मध्ये सुरू झाली आहे. ती हीथ्रोहून थेट शहरात आणते, डबे मोठे आणि थंड. पिकॅडिली लाइनपेक्षा महाग, पण बॅगा आणि गुडघे दोन्ही असतील तर पैसे वसूल.

शहरात फिरायला बस. लाल डबलडेकरचं भाडं साधारण पावणेदोन पौंड आणि तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे पडत नाहीत. रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं. दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत, हे लक्षात ठेवा. १५ नंबर टॉवरपासून सेंट पॉलवरून ट्रॅफल्गार स्क्वेअरला नेते. २४ नंबर पार्लमेंटवरून कॅम्डेनमार्गे हॅम्पस्टेड हीथपर्यंत. पर्यटकांच्या उघड्या बसला जे पैसे मोजतात, त्यात या दोन बसमधून दिवसभर फिरून वर जेवण होईल.

स्वच्छतागृहं रस्त्यावर सहज सापडत नाहीत. मोठी संग्रहालयं हाच त्यावर उपाय. फुकट, स्वच्छ, आणि बसायला बाकं.

घाटपायथा

मी वेगळं मत मांडतो. ब्रिटिश म्युझियमचं एवढं कौतुक मला झेपत नाही. जगभरातून उचलून आणलेला माल मांडायचा आणि वर ‘बघा, तिकीट नाही’ म्हणून उदारपणा दाखवायचा. माझ्याच गावचं देऊळ कुणी उचलून नेलं आणि मला ते फुकट बघायला बोलावलं, तर मी आभार मानायचे का? मी लंडनला गेलो होतो, पण त्या दारातून मुद्दाम आत गेलो नाही.

वाटसरू

@घाटपायथा, तुमचा राग मला समजतो. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं काचेआड पाहताना माझ्याही पोटात कालवलं. आंध्रातलं अमरावती, आपलं विदर्भातलं नव्हे. पांढुरक्या दगडावर इतकी बारीक कोरीव माणसं, की एका पट्टीवर पंधरा मिनिटं गेली. हे कृष्णेच्या काठी बघायला मिळायला हवं होतं असं वाटलंच. पण म्हणून न बघता परत यायचं, हे मला जमलं नसतं.

जुनी वही

घाटपायथा, वाटसरू, दोघांच्या मध्ये थोडा तपशील ठेवतो. ‘सगळं लुटलेलं’ आणि ‘सगळं जपलेलं’ ही दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात.

अमरावतीचं घ्या. वॉल्टर एलियट या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८४५ मध्ये तिथे खोदकाम केलं. ते दगड मद्रासला नेले आणि पुढे लंडनला आणले. त्याच्याही आधी स्थानिक बांधकामासाठी स्तूपाचे दगड बरेच वापरले गेले होते. म्हणजे तिथेच राहिले असते तर किती उरले असते हा प्रश्न रास्त आहे. आणि आता ते परत का नकोत, हा प्रश्नही तेवढाच रास्त.

कोहिनूरची गोष्ट मात्र निराळी. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा लाहोरच्या तहात तो हिरा इंग्लंडच्या राणीला द्यायचं कलम होतं. त्या तहावर ज्याच्याकडून संमती घेतली तो महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. दहा वर्षांच्या पोराकडून घेतलेल्या वस्तूला ‘भेट’ म्हणायला माझी तयारी नाही. मूळचा १८६ कॅरटचा हिरा १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडून १०५.६ कॅरटचा केला. टॉवरमध्ये तो राजमातेच्या १९३७ सालच्या मुकुटात आहे. समोर सरकता पट्टा आहे, उभं राहायची सोय नाही, फोटोला बंदी. २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिलांनी तो मुकुट घातला नाही, यावरून काय ते समजा.

त्यामुळे बघायला जरूर जा. प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचा, आणि ती तिथवर कशी आली हे पाटीवर लिहिलंय का, तेही बघा. नसेल तर लेखी अभिप्राय द्या. मी देतो.

सातारी_कंदी

वस्तू परत येण्यावरून आठवलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये आमच्या साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. पहिल्या आठवड्यात आम्ही घरचे सगळे गेलो होतो. रांग रस्त्यापर्यंत. पुढे एक आजोबा होते, त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. संग्रहालय आहे, देऊळ नाही, असं कुणीतरी म्हणालं. आजोबा म्हणाले, ‘माझ्यासाठी आहे.’

ती नखं महाराजांचीच का, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि ती त्याच प्रसंगात वापरली होती याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियमही म्हणतं. ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता, त्याच्या घराण्याकडून ती म्युझियमला मिळाली. वाद चालू दे. पण वस्तू आपल्या मातीत आली की तिच्याशी बोलणारी माणसं बदलतात, हे मी तिथे बघितलं.

आंबेमोहर

@सातारी_कंदी, वाचून अंगावर काटा आला.

अर्धाकप

एवढे पैसे घालायचे तर पॅरिस करा. आयफेल टॉवर, सीन नदी, खाणं. लंडन म्हणजे पाऊस आणि उकडलेले बटाटे.

टेम्सकाठची

@अर्धाकप, पॅरिससाठी वेगळा धागा काढा, तिथेही येते मी. सेंट पँक्रसहून गाडी थेट जाते. पण भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात आणि सत्तरीच्या माणसांना एका सहलीत ती दगदग का द्यायची?

फोर्टातला

सेंट पँक्रसचं नाव निघालंच आहे तर मला बोलू द्या. मी मुंबईत फोर्टात वाढलो. पहिल्यांदा लंडनला उतरलो आणि सेंट पँक्रससमोर आलो तर विटांचे मनोरे, टोकदार कमानी, घड्याळाचा बुरूज. मी बराच वेळ तिथेच उभा. ही इमारत मी लहानपणापासून ओळखतो असंच वाटत होतं.

कारण आहे त्याला. स्टेशनापुढचं ते हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने उभारलं. आणि मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही त्याचेच. गडी मुंबईत कधी आला नाही, लंडनहून नकाशे पाठवले. आमच्या व्हीटीवरही, म्हणजे आताच्या सीएसएमटीवर, सेंट पँक्रसची छाप आहे म्हणतात. तिचा वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सने मात्र त्यावर मोर, माकडं, पानंफुलं अशी कोरून घेतली की ती इमारत आपली झाली. दगडही आपलाच. म्हणून माझ्या मते आमची सरस आहे, आणि यावर मी मागे हटणार नाही.

लंडनला जाणाऱ्या मुंबईकरांनी जाण्याआधी एकदा ओव्हल मैदानावरून चालत जावं. तिथे पोचल्यावर दुप्पट मजा येते.

गोधडी

खाण्याचं कुणी बोलत नाहीये! सासू-सासरे शाकाहारी आहेत का? असतील तर काळजी नको. युस्टन स्टेशनामागे ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथे कितीतरी वर्षांपासून भारतीय शाकाहारी खानावळी आहेत. डोसा, भेळ, थाळी सगळं. ब्रिटिश म्युझियमपासून फार लांब नाही. नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, हॉटेलात मागितलं की फुकट देतात. सुपरमार्केटमध्ये दही, फळं, ब्रेड मिळतो. मी जाताना मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी नेते. सकाळी मऊ भात आणि मेतकूट खाऊन निघालं की दुपारी दोनपर्यंत पोटाकडे बघावं लागत नाही.

रानभूल

मेतकुटाला अनुमोदन. पण @अर्धाकप यांचे उकडलेले बटाटे हे तिथे ओव्हनमध्ये भाजतात. वरून कुरकुरीत, आत लोणी. आमच्या आजीने खाल्ले तर म्हणाली, ‘तिखटमीठ घाल, उपासाला चालतील.’

निळी पाटी

धागा आज वाचला. वाटसरूंनी रीडिंग रूमचं लिहिलं म्हणून राहवत नाही. लंडन बघण्याची माझी रीत म्हणजे घरांवरच्या निळ्या गोल पाट्या. ही पद्धत १८६६ पासूनची. या घरात अमुक माणूस अमुक साली राहत होता, एवढंच लिहिलेलं असतं. त्यातल्या आपल्या माणसांच्या पाट्या शोधत मी शहराचे असे कोपरे पाहिले की जिथे पर्यटक फिरकत नाहीत.

सुरुवात करा १०, किंग हेन्रीज रोडपासून. चॉक फार्म स्टेशनावर उतरायचं, दहा-बारा मिनिटं चालायचं. रांगेतलं साधं, अरुंद घर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध चालू, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास चालू, आणि खिशात पैसे नाहीत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. मी गेलो तेव्हा नांदेडकडचं एक कुटुंब आलं होतं. वडील शेतकरी, मुलगी तिकडे एमएस्सी करत होती. वडिलांनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मुलीला म्हणाले, ‘आता तुझं वसतिगृह दाखव.’ मला वाटतं त्या घराचा अर्थ त्यांना सगळ्यात चांगला कळला होता.

तिथून प्रिमरोझ हिल जवळच. चढ सौम्य आहे आणि माथ्यावरून अख्खं लंडन दिसतं, एक पैसाही न देता.

मग वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनजवळ १०, हाउली प्लेस. लोकमान्य तिथे १९१८-१९ मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर बदनामीचा खटला भरला होता, त्यासाठी ते विलायतेला गेले. खटला हरले, कर्ज झालं, पण त्या मुक्कामात मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटून स्वराज्याची बाजू मांडत राहिले. शेजारीच लिटल व्हेनिसचा कालवा, रंगीत होड्या बांधलेल्या. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस, तिथे सावरकरांची पाटी. आणि दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून येऊन ब्रिटिश पार्लमेंटात गेले. त्यांच्या दक्षिण लंडनमधल्या घरावर निळी पाटी लागली ती २०२२ मध्ये.

ही सगळी राहती वस्ती आहे. रस्त्यावरून शांतपणे बघा, दारं वाजवू नका. किंग हेन्रीज रोडचं स्मारक तेवढं आतून बघता येतं, जाण्याआधी वेळ तपासा.

घाटपायथा

@निळी पाटी, हा प्रतिसाद जपून ठेवलाय. हे लंडन मला बघायचं आहे. पुन्हा जाणं झालं तर इथूनच सुरुवात करेन. @जुनी वही, तुमचा मुद्दा वाचला. म्युझियमबद्दल माझं मत तेच आहे, पण पाटी वाचून लेखी अभिप्राय द्यायचा हे पटलं. दाराबाहेर रुसून बसण्यापेक्षा ते बरं.

पिवळी छत्री

ग्रीनिच कुणीच कसं लिहिलं नाही? माझं पहिलं लंडन म्हणजे ग्रीनिच. वेस्टमिन्स्टर किंवा टॉवरच्या धक्क्यावरून होडी पकडायची. टॉवर ब्रिजच्या खालून होडी जाते तेव्हा सगळे वर बघतात. १८९४ चा पूल, मोठं जहाज आलं की आजही दोन पाती उचलतात. कधी उचलणार त्याच्या वेळा आधी जाहीर होतात, त्या बघून जा.

ग्रीनिचला उतरलं की कटी सार्क हे चहा वाहणारं जुनं शिडाचं जहाज. पलीकडे वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने बांधलेलं नौदलाचं रुग्णालय, मग हिरवळ, आणि टेकडीवर १६७५ ची वेधशाळा. आपण भूगोलात घोकलेलं शून्य रेखावृत्त तिथे अंगणात स्टीलच्या पट्टीने आखलंय. पट्टीवर पाय ठेवायला तिकीट लागतं, पण वेधशाळेच्या फाटकाबाहेरचं चोवीस तासांचं घड्याळ आणि टेकडीवरून दिसणारं शहर फुकट आहे. गंमत म्हणजे आपल्या फोनमधलं जीपीएस शून्य दाखवतं ते त्या पट्टीपासून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत. वेधशाळेच्या माथ्यावर लाल चेंडू आहे. पाऊण वाजून गेला की तो खांबावर चढतो आणि बरोबर एकला खाली पडतो. १८३३ पासून हे चाललंय. नदीतल्या जहाजांनी तो बघून आपली घड्याळं लावायची. आम्ही गेलो तेव्हा टेकडीवर शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. चेंडू पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिस्तीत, वेळेवर पडला म्हणून टाळ्या!

परत येताना नदीखालच्या पायी बोगद्यातून पलीकडे जाता येतं, १९०२ चा आहे, पांढऱ्या फरशा लावलेला.

रानभूल

वाटसरू, सासू-सासरे सप्टेंबरमध्ये जातायत म्हणजे पितृपक्ष गाठताय. टॉवरवर किमान सहा डोमकावळे कायम पाळलेले असतात. ते गेले तर राज्य कोसळेल अशी समजूत आहे. पण त्यांना कच्चं मांस आणि रक्तात भिजवलेली बिस्किटं मिळतात, तेव्हा वडाखिरीला शिवतील अशी आशा ठेवू नका.

गोधडी

@रानभूल 😄 आणि गणपतीत गेले तर महाराष्ट्र मंडळात नक्की जाऊ दे. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे. आरतीला उभं राहिलं की परदेशात आहोत हे विसरायला होतं.

वाटसरू

केवढं मिळालं या धाग्यातून! सगळ्यांचे आभार. निळ्या पाट्यांची यादी मी नवऱ्याला पाठवली, तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी ऑफिसला दांडी.’

मूळ प्रश्न मात्र राहिलाय. टॉवर, ग्रीनिच की आणखी काही? टॉवरमध्ये जिने किती आहेत? आणि एक सांगायचं राहिलं: सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अजूनही पाहुण्यांच्या पोरांना पाटीवर लोलक आणि किरण काढून दाखवतात.

टेम्सकाठची

अहो, हे आधी सांगायचं! मग मी माझं मत बदलते. टॉवरमध्ये उंचसखल दगडी वाटा, अरुंद जिने. राजमुकुटांचं दालन सोपं आहे, पण पांढऱ्या बुरुजात चढउतार फार. सासूबाईंना बाहेर बाकावर बसावं लागेल.

विज्ञानाच्या शिक्षकांना वेस्टमिन्स्टर ॲबे हे जुनं चर्च दाखवा. मुख्य भाग जवळजवळ सपाट, मध्येमध्ये खुर्च्या, आणि कानाला लावायचा ध्वनिमार्गदर्शक तिकिटातच. राजेराण्या आहेतच, पण तुम्ही सरळ न्यूटनपाशी न्या. त्याच्या स्मारकावर पोरं लोलक आणि दुर्बिणीशी खेळताना कोरली आहेत. हो, लोलक! जवळच जमिनीत डार्विन. आणि या दोघांच्या मध्ये २०१८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या अस्थी ठेवल्या. त्या काळ्या दगडावर कृष्णविवराच्या तापमानाचं समीकरण कोरलंय. फॅरडे आणि मॅक्सवेलच्या पाट्याही तिथेच. माझ्या वडिलांना नेलं होतं. ते अभियंते. त्यांनी त्या समीकरणातलं एकेक अक्षर मला तिथे उभ्याउभ्या समजावून सांगितलं, मागे रांग थांबली तरी कुणी कुरकुर केली नाही.

ग्रीनिच होडीने दुसऱ्या दिवशी. तिथे तिकीट काढू नका. टेकडी चढवत नसेल तर खालचं सागरी संग्रहालय फुकट आहे.

जुनी वही

ॲबेला अनुमोदन. संध्याकाळची प्रार्थना ऐकायला पैसे लागत नाहीत, पण तेव्हा फिरून बघता येत नाही. सासऱ्यांना न्यूटन निवांत बघायचा असेल तर तिकीटच काढा. सकाळी पहिल्या वेळेचं घ्या.

निळी पाटी

आणि ॲबेतून बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडला की पार्लमेंट स्क्वेअर. तिथे २०१५ पासून गांधीजींचा पुतळा आहे, त्याच चौकात चर्चिलचाही. ‘अर्धनग्न फकीर’ म्हणणारा आणि ज्याला म्हटलं तो, एकाच हिरवळीवर. बाकावर बसून डबा खायला उत्तम जागा.

वाटसरू

ठरलं. ॲबेचं तिकीट काढते. सासऱ्यांना मध्येच फोन करून हॉकिंगच्या दगडाचं सांगितलं. ते म्हणाले, समीकरण आधी पाठव, मला जाण्यापूर्वी नीट वाचून घ्यायचं आहे.

टेम्सकाठची

वा! फक्त रविवारी काढू नका, त्या दिवशी प्रार्थनेशिवाय पर्यटकांना आत सोडत नाहीत. आणि तारीख ठरली की मला कळवा. व्हीलचेअर कुठल्या दाराशी मिळेल ते मी इथून फोन करून विचारून ठेवते.